घरांतील उत्तम श्रवणयंत्र आणि त्याची मांडणी

एका घरची हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे या लेखाचा हेतु वाचकांच्या सहज ध्यानांत येईल.

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर धानाचे पैसे हातीं आल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं उत्तम प्रतीचें डिजिटल श्रवणयंत्र घेण्यांत आलें. घर गोंदिया शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपासून फार दूर नाहीं. यंत्र घेण्यांत केवळ हौस नव्हती. मुलाच्या आजीच्या जात्यावरील ओव्या सुमारें तीस वर्षांपूर्वीं कोणीं एका कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. पुढें ती कॅसेट ट्रंकेंत पडून राहिली. आजी वारल्यावर ती सांपडली आणि तिच्यावरील आवाज संगणकांत भरून घेण्यांत आला. “चांगलें यंत्र आणूं, म्हणजे आईचे शब्द तरी नीट ऐकूं येतील,” अशी मुलाच्या वडिलांची इच्छा होती.

यंत्र आलें, बैठकीच्या खोलींत मांडलें गेलें, नातलग जमले आणि आवाज सुरू झाला. पण तो घुमूं लागला. आजी गात आहे एवढें समजे. काय गात आहे तें समजेना. आवाज मोठा केला तर गोंधळ अधिकच वाढला. वडील कांहीं न बोलतां उठून गेले. दुसरे दिवशीं मुलानें मला विचारलें, “सर, आमचें यंत्र खराब निघालें काय?”

यंत्र खराब नव्हतें. खराब होती ती त्याची मांडणी. आणि ती सुधारण्यास एका शनिवारची दुपार व घरांतील दोन गोधड्या एवढ्यांत काम भागलें. त्या दुपारीं आम्हीं जें केलें त्याचीं कारणें येथें क्रमानें देतों. ज्या पालकांस असें यंत्र घ्यावयाचें आहे, अथवा ज्यांनीं घेऊन पश्चात्ताप केला आहे, त्यांस तीं उपयोगी पडतील अशी आशा आहे.

१. नादाचे अंक कसे होतात

आवाज म्हणजे हवेचें कंपन, हें आपण विज्ञानाच्या तासास शिकलों आहों. ग्रामोफोनच्या तबकडीवर हें कंपन नागमोडी खांचेच्या रूपानें कोरलेलें असतें. डिजिटल पद्धतींत तें कोरीत नाहींत, मोजतात. १९८२ सालीं सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. तिच्यांत प्रत्येक सेकंदास ४४,१०० वेळां कंपनाचें माप घेतलेलें असतें, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर पडतें तें लिहिलेलें असतें. इतक्या पायऱ्या लिहिण्यास १६ बिट लागतात.

४४,१०० हाच आंकडा कां, असें कोणी विचारील. मनुष्याचा तरुण कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत आवर्तनें ऐकूं शकतो. गणिताचा नियम असा आहे कीं, कोणतेंही कंपन पुन्हां जसेंच्या तसें उभें करावयाचें तर त्याच्या आवर्तनांच्या दुपटीहून अधिक मापें घ्यावीं लागतात. २०,००० ची दुप्पट ४०,०००. त्यावर थोडी सोय ठेवून ४४,१०० हा आंकडा ठरला. आतां आपणच गुणाकार करून पहा. ४४,१०० मापें, प्रत्येकीं १६ बिट, आणि डावी व उजवी अशा दोन बाजू. म्हणजे सेकंदास १४,११,२०० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर तासाभराच्या गायनास सुमारें ६३ कोटी ५० लाख बाइट लागतात.

एवढा पसारा कमी करण्याच्या दोन रीति आहेत. त्यांतील भेद आपल्या तांदळाच्या जिल्ह्यांतील मुलांस चटकन कळेल. पहिली रीत पोत्यांत धान दाबून भरण्यासारखी आहे. जागा कमी लागते; पण पोतें सोडलें कीं दाणा न् दाणा परत मिळतो. फ्लॅक नांवाची पद्धति या जातीची आहे. दुसरी रीत गिरणींत तांदूळ पॉलिश करण्यासारखी आहे. कानाला बहुधा जाणवणार नाहीं असा अंश काढून टाकावयाचा व उरलेलें ठेवावयाचें. एमपी-थ्री पद्धति या जातीची. ती काळजीपूर्वक वापरली तर परिणाम पुष्कळदां चांगला असतो. परंतु एकदां गेलेला कोंडा तांदळास पुन्हां चिकटवितां येत नाहीं. म्हणून एमपी-थ्रीचें फ्लॅकमध्यें रूपांतर केल्यानें गेलेला आवाज परत येईल, असें कोणी समजूं नये. घरची जी ध्वनिमुद्रणें पुन्हां मिळणार नाहींत, तीं तर नेहमीं पहिल्याच रीतीनें जपावीं.

२. सांखळीच्या सहा कड्या

सांठविलेले अंक कन्व्हर्टर नांवाच्या भागांत जातात. तेथें त्यांचा पुन्हां विजेचा प्रवाह होतो. तो प्रवाह ॲम्प्लिफायर वाढवितो, लाउडस्पीकर त्याचें हवेंत कंपन करितो, तें कंपन खोलींतून फिरतें आणि शेवटीं कानांत शिरतें. अशा या सहा कड्या झाल्या: ध्वनिमुद्रण, कन्व्हर्टर, ॲम्प्लिफायर, लाउडस्पीकर, खोली व कान. यांपैकीं शेवटच्या दोन दुकानांत विकत मिळत नाहींत. म्हणूनच त्यांचा विचार सर्वांत कमी होतो, आणि पैसा वायां जातो तो येथेंच.

अंकांचें काम आतां इतकें पक्कें झालें आहे कीं, बेताच्या किमतीचा चांगला कन्व्हर्टरही कानाच्या गरजेस पुरून उरतो. २४ बिटांची व ९६,००० मापांची पद्धति ध्वनिमुद्रण करणारास सोयीची आहे, कारण आवाजाची पातळी ठरवितांना त्याला मोकळीक मिळते. परंतु घरीं बसून ऐकणाऱ्यास तिच्यामुळें फरक ओळखूं येणें फार कठीण. तसेंच तारांचें आहे. स्पीकरपर्यंत पांच-सात मीटर अंतर असेल तर घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी आहे. हजारों रुपयांच्या तारेनें तेंच काम होतें. ज्यास खर्च करावयाचा असेल त्यानें मोठा वांटा लाउडस्पीकरांवर करावा. आणि तोही आपली खोली पाहून करावा.

३. खोली हें दुसरें वाद्य

आमच्या विद्यार्थ्याची खोली पांच मीटर लांब व साडेतीन मीटर रुंद आहे. वर सिमेंटचा स्लॅब, खालीं गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या, खिडक्यांस कांचा. मीं आंत जाऊन एकदां जोरानें टाळी वाजविली. टाळीमागून तिची लांब शेपटी ऐकूं आली. आजीच्या ओवीचे शब्द कां कळेनात, तें तेव्हांच समजलें.

व्याकरणांत आपण स्वर व व्यंजनें शिकतों. गातांना स्वर लांबतात व बळकट असतात. व्यंजनें क्षणभरच टिकतात व दुबळीं असतात. शब्दाची ओळख मात्र बव्हंशीं व्यंजनांवरच होते. उघड्या भिंतींच्या खोलींत मागील स्वराची शेपटी पुढील व्यंजनावर पडते आणि तें झांकलें जातें. आवाज मोठा केला तर शेपटीही तितकीच मोठी होते. म्हणून त्या उपायाचा उपयोग होत नाहीं. झाडीपट्टींतील दंडार उघड्या जागेवर होते. तेथें आवाज परतविणारी भिंतच नसते. जुन्या मातीच्या, कवेलूंच्या घरांत पोतीं, अंथरुणें, कणग्या यांमुळें आवाज बराच शोषला जाई. आपलीं नवीं घरें राहण्यास अधिक सोयीचीं आहेत. ऐकण्यास मात्र जरा कठोर आहेत.

खोलीचा दुसरा दोष खालच्या स्वरांचा. आपल्याकडील उष्ण दिवसांत, म्हणजे सुमारें ३१ अंश तपमानांत, ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३५० मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीनें वेगास भागलें म्हणजे त्या अंतराचा मूळ घुमारा निघतो. पांच मीटर लांबीस ३५० भागिले १०, म्हणजे ३५ आवर्तनें. साडेतीन मीटर रुंदीस ३५० भागिले ७, म्हणजे ५० आवर्तनें. या आवर्तनांवर व त्यांच्या पटींवर खोली स्वतःच गाऊं लागते. खोली चौरस असेल तर दोन्ही घुमारे एकाच स्वरावर येऊन पडतात. म्हणून चौरस खोली या कामीं टाळावी. आणि स्पीकर कोपऱ्यांत ठेवला तर हे सर्व घुमारे अत्यंत जोरानें उठतात. त्या घरीं दोन्ही स्पीकर कोपऱ्यांतच होते. एक कपाटावर व दुसरा जमिनीवर!

४. मांडणीची रीत

आम्हीं पुढीलप्रमाणें काम केलें. ज्यांस करून पहावयाचें असेल त्यांनीं याच क्रमानें करावें.

पहिलें, दोन्ही स्पीकर कोपऱ्यांतून काढून, रुंदीच्या भिंतीपासून सुमारें पाऊण मीटर पुढें, सारख्या उंचीच्या भक्कम स्टुलांवर ठेवले. त्यांतील वरचा लहान पडदा, ज्यांतून बारीक स्वर निघतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस आला पाहिजे.

दुसरें, दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण केला. दोन स्पीकरांमधील अंतर दोन मीटर असेल तर प्रत्येकापासून ऐकणाराही दोन मीटरवर असावा. दोरीनें मोजावें; डोळ्याच्या अंदाजावर जाऊं नये. बसण्याची जागा मागच्या भिंतीला चिकटलेली नसावी, व खोलीच्या बरोबर मध्यावरही नसावी, कारण या दोन्ही ठिकाणीं खालचे स्वर एकतर फुगतात किंवा नाहींसे होतात.

तिसरें काम मुलांना फार आवडलें. एकजण ऐकण्याच्या जागीं बसला. दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीवरून हळू हळू आरसा सरकविला. बसलेल्याला आरशांत ज्या ठिकाणीं स्पीकर दिसला, तेथूनच आवाजाचा पहिला पडसाद येतो. कारण प्रकाशाप्रमाणें ध्वनीही ज्या कोनानें येतो त्याच कोनानें परततो. दोन्ही भिंतींवर त्या जागीं जाड गोधड्या टांगल्या, भिंतीपासून चार बोटें सोडून. खालीं फरशीवर सतरंजी घातली आणि मागच्या भिंतीशीं पुस्तकांनीं भरलेलें कपाट सरकविलें. पुन्हां टाळी वाजविली. शेपटी तुटली होती.

येथें एक सूचना केली पाहिजे. गोधडीनें मधले व वरचे स्वर शोषले जातात; खालचे नाहींत. शंभर आवर्तनांच्या स्वराची एक लाट साडेतीन मीटर लांब असते. तिला अडविण्यास गोधडीची जाडी कोठून पुरणार? खालच्या स्वरांचा उपाय स्पीकरांची व आसनाची जागा हाच आहे. हातभर पुढें-मागें सरकवून ऐकावें, व जेथें प्रत्येक स्वर सारखा वाटेल तेथें खडूनें खूण करावी.

चौथें, तारा तपासल्या. प्रत्येक स्पीकरास तांबडें व काळें अशीं दोन टोकें असतात. ॲम्प्लिफायरचें तांबडें टोक स्पीकरच्या तांबड्यासच जोडलें पाहिजे. त्या घरीं एका बाजूची तार उलट लागलेली होती. असें झालें म्हणजे एक पडदा पुढें येतो तेव्हां दुसरा मागें जातो. एकट्या गायकाचा आवाज मध्यें उभा न राहतां विस्कटतो, आणि खालचे स्वर फिके पडतात. याची परीक्षा सोपी आहे. एकाच माणसाचा साधा आवाज लावावा. तो दोन स्पीकरांच्या बरोबर मधून, जणूं तेथें कोणी बसलें आहे असा, आला पाहिजे.

५. विजेची काळजी

आपल्या घरांत २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनांची वीज येते. यंत्रांतून सतत मंद गुंगाट येत असेल तर बहुधा अर्थिंगमध्यें कांहीं दोष असतो. तो जाणत्या वायरमनकडून काढून घ्यावा. गुंगाट जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकणें हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. तो कोणीं कदापि करूं नये. पावसाळ्यांत आकाश गडगडूं लागतांच नुसतें बटन बंद करून भागत नाहीं. आधींच प्लग काढून ठेवावा. यंत्राच्या झरोक्यांवर कापड घालूं नये, विशेषतः मे महिन्यांत. आंतील उष्णतेस बाहेर पडण्यास वाट हवी.

६. कानाची परीक्षा व कानाचें रक्षण

दोन यंत्रांची किंवा दोन मांडण्यांची तुलना करतांना एक फसवणूक होते. जें किंचित मोठ्यानें वाजतें तें आपल्या कानास अधिक चांगलें वाटतें. म्हणून दोहोंचा आवाज प्रथम सारखा करावा. मग ऐकणारानें पाठ फिरवून बसावें, आणि दुसऱ्यानें न सांगतां अदलाबदल करावी. दहांपैकीं नऊ वेळां जर फरक ओळखला गेला तरच तो खरा मानावा. या परीक्षेंत पुष्कळ महागड्या वस्तूंचा रुबाब उतरतो. परीक्षेस तंबोरा उत्तम. त्याच्या एकेका तारेंतून अनेक उपस्वर एकावर एक उमलतात. ते वेगवेगळे ऐकूं आले, तर मांडणी चांगली साधली असें समजावें.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, ही समजूत लग्नाच्या वरातींनीं आपल्याकडे दृढ केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मर्यादेप्रमाणें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबेल आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबेलची आहे. आवाज ३ डेसिबेलनें वाढला कीं काळ निम्मा होतो. मुलांचा हिशेब करूं: ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, आणि ९० ला आठवड्यांत फक्त सवा तास! कानांत घालावयाच्या यंत्रांविषयीं पालकांनीं हा हिशेब विसरूं नये. आंतील कानांतील नाजूक पेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. शेजाऱ्यांचाही विचार हवा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागास दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातलेली आहे. ज्याची मांडणी चांगली आहे त्यास हळू आवाजांतही सर्व ऐकूं येतें.

७. ऐकणाऱ्याची तयारी

गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या थोर गायिका केसरबाई केरकर यांचें नांव आपण ऐकलें असेल. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यांत केसरबाईंनीं गाइलेली भैरवींतील साडेतीन मिनिटांची चीज आहे. दुसरें यान ५ सप्टेंबरला सुटलें. केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेस निवर्तल्या. पण येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. पाठविणाऱ्यांनीं केवळ तबकडी पाठविली नाहीं. तिच्यासोबत सुईही ठेवली, आणि तबकडी कशी व किती वेगानें फिरवावी हें वेष्टनावर चित्रांनीं कोरून ठेविलें. आवाज जपणें हें अर्धेंच काम होय. तो नीट ऐकण्याची तयारी हें उरलेलें अर्धें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं त्या शनिवारीं संध्याकाळीं पंखा बंद करून, खिडक्या लोटून, आजीच्या ओव्या पुन्हां लावण्यांत आल्या. कॅसेटची जुनी खरखर होतीच. ती कोणत्याही यंत्रानें सर्वस्वीं जात नाहीं. परंतु या वेळीं आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहिला. जात्याची घरघर एकीकडे व शब्द एकीकडे असे वेगळे पडले. तिसऱ्या ओवींत एक नांव आलें. मुलानें विचारलें, “बाबा, हें कोणाचें नांव?” वडिलांनीं थोड्या वेळानें सांगितलें कीं, तें त्यांच्या मामाचें, तो लहानपणींच गेला, आणि आई त्याचें नांव घरांत कधींच घेत नसे. मालगाडी येऊन गेली तोंपर्यंत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आजीच्या त्याच ओव्या पुन्हां पहिल्यापासून लावण्यांत आल्या.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरोघरीं असे आवाज आहेत. कोणी झाडीबोलींत बोलतें, कोणी पोवारींत. देवरी-सालेकसा भागांत कोणी गोंडींत. ते जिवंत असतांच उतरवून घ्या. मोबाइलही चालेल. पंखा बंद करा, अंथरुणें असलेल्या खोलींत बसा, यंत्र बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवा, आवाजाची खूण तांबड्या रेषेस लागूं देऊं नका, कोंडा न काढणाऱ्या रीतीनें सांठवा, आणि तीन प्रति तीन ठिकाणीं ठेवा. प्रारंभीं बोलणाऱ्याचें नांव, गांव व तारीख स्पष्ट सांगा. आणि मग ते आवाज ऐकण्यासाठीं घरांतील एक कोपरा नीट मांडून ठेवा. यंत्र थोडें साधें असलें तरी चालेल. आरसा, दोरी व गोधडी मात्र विसरूं नका.